हात क्रमांक तीन

यल्लप्पा अलकुंट्यांनी पहिला घाव घातला आणि यंत्राने तो नाकारला.

पडद्यावर तांबडी पट्टी आली : नोंद अशुद्ध, पुन्हा घ्या. यल्लप्पांनी दुसरा घाव घातला. तोही नाकारला गेला. मग त्यांनी मांडीवरचा दगड थोडा फिरवून घेतला, श्वास रोखला आणि हातातला दगडी गोटा खाली आणला. खट असा कोरडा आवाज झाला आणि बोटभर लांबीची कपची सुटून चटईवर पडली. ती नोंद यंत्राने घेतली.

उत्खनन चालवणाऱ्या डॉ. हेमांगी सोवनी म्हणाल्या की यंत्र अजून नवं आहे, असं होतं कधी कधी. यल्लप्पांनी मान डोलावली. त्यांच्या मागे त्यांची सून गिरिजा उभी होती. आधीच्या दोन्ही घावांच्या वेळी तिनं मामांच्या मनगटाकडं पाहिलं होतं. यंत्राचं काही चुकलं नव्हतं, हे तिला माहीत होतं.

ही गोष्ट २०४१ च्या जानेवारीतली. सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी बोरखिंड नावाची जागा आहे. तिथल्या ओढ्याकाठी, मातीच्या थरांखाली, एकवीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची दगड घडवायची जागा सापडली होती. शेती नव्हती, गाव नव्हतं, मडकंसुद्धा नव्हतं, तेव्हाची ही माणसं. शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणारी, ऋतू बदलला की जागा बदलणारी. दर हिवाळ्यात ती या ओढ्यावर येत, कारण पात्रात गारेचा उत्तम दगड मिळे. त्यातून ती बोटाएवढी, ब्लेडसारखी धारदार पाती काढत. हिवाळा संपला की निघून जात. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याला पूर येई आणि मागे राहिलेल्या कपच्यांवर गाळाची पातळ चादर बसे. असे एकसष्ट हिवाळे एकावर एक, जसेच्या तसे राहिले होते.

कपच्या आजवर पुष्कळ ठिकाणी सापडल्या होत्या. नवं होतं ते यंत्र. गारेचा दगड काचेसारखा फुटतो. घाव बसला की आत भेग धावत जाते, आणि धावताना फुटलेल्या पृष्ठभागावर लाटा सोडत जाते. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा, फक्त केसाहून कितीतरी पटींनी बारीक आणि कायमच्या. लाटांमधल्या अंतरावरून भेग किती वेगानं धावली ते कळतं. त्यावरून घावाचा जोर, कोन, शेवटच्या क्षणी मनगट कुठल्या बाजूला वळलं, हे सगळं काढता येतं. आणि जसं दोन माणसांचं अक्षर एक नसतं, तसा दोन माणसांचा घावही एक नसतो. छावणीतली मंडळी यंत्राला 'घाववाचक' म्हणत. त्याच्या जोडीला चाळीस हजार कपच्या परत एकमेकींना जुळवणारा संगणक होता, त्यामुळं कुठला घाव आधी पडला आणि कुठला नंतर, तेही समजत होतं.

अडचण एकच होती. यंत्राला जिवंत माणसांचे हात फार थोडे माहीत होते, आणि तेही दोन वर्षांपूर्वी दगड फोडायला शिकलेल्या विद्यार्थ्यांचे. पन्नास वर्षं दगडात गेलेला हात डॉक्टरांना हवा होता. चौकशी करता करता त्या तालुक्याच्या गावी अलकुंट्यांच्या दारात पोचल्या.

यल्लप्पांचे आजोबा कालव्याच्या कामासाठी सोलापूरकडून इकडं आले आणि इथंच राहिले. यल्लप्पांनी सुतकीनं, म्हणजे मोठ्या घणानं, खडक फोडण्यापासून सुरुवात केली. पुढं पाटे, वरवंटे, जाती, आणि मग जुन्या देवळांच्या डागडुजीत झिजलेल्या दगडाच्या जागी तसाच नवा दगड घडवून बसवण्यापर्यंत त्यांचं काम गेलं. त्यांनी घातलेली कमळाची पट्टी मूळच्या पट्टीपासून वेगळी ओळखता येत नसे. वय अडुसष्ट. बायको वारलेली, मुलगा हणमंता बोगद्यांच्या कामावर बंगळूरला. घरात सासरा आणि सून.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाणार हेही सांगितलं. यल्लप्पांनी गोळ्या घेतल्या आणि काम चालू ठेवलं. एके दिवशी कमळाच्या एका पाकळीची कड उडाली. जेवण झाल्यावर ते नेहमीसारखे आत जाऊन आडवे झाले. गिरिजा अंगणात आली. लग्न होऊन सोळा वर्षं ती त्यांचं काम बघत आली होती, पण टाकी तिच्या हातात कुणी दिली नव्हती. शिवाय ती डावखुरी. एकदा ती सहज छिन्नीशी चाळा करत होती, तेव्हा टाकी अशी धरत नसतात, एवढंच मामा म्हणाले होते. त्या दुपारी तिनं उडालेल्या कडेच्या दोन्ही बाजूंनी पाकळी थोडी आत घेतली, शेजारच्या पाकळीलाही तसाच उतार दिला, भुकटी पुसून टाकली आणि भांडी घासायला गेली. यल्लप्पा उठले. दगडासमोर थोडा वेळ बसले. चहा प्यायले आणि पुढच्या पाकळीला लागले.

त्यानंतर रोज दुपारी हेच चालत आलं होतं. त्याबद्दल दोघांमध्ये अवाक्षर झालं नव्हतं. लोक अजूनही 'यल्लप्पाची टाकी' म्हणत आणि लांबून दगड घेऊन येत. आपण मागून दुरुस्त करतो ते कळलं तर मामा टाकी खाली ठेवतील आणि पुन्हा उचलणार नाहीत, अशी गिरिजाला खात्री होती. म्हणून हात ओळखणाऱ्या यंत्राची गोष्ट ऐकली तेव्हा ते आपलाही हात ओळखेल, अशी तिला भीती वाटली. मामांना आधाराला कुणीतरी हवं, असं सांगून ती रोज त्यांच्याबरोबर छावणीत येऊ लागली.

यल्लप्पांना हे काम आवडलं. काळ्या पाषाणात हयात गेलेला माणूस, पण चार दिवसांत गारेची जात त्यांनी ओळखली. विद्यार्थी जिथं जोर लावत तिथं ते नुसता दगडाचा कल पाहून घाव टाकत. थरथरीतूनही दहातले सहा घाव यंत्र घेई. दुपारी ते डॉक्टरांना प्रश्न विचारत. इथं किती माणसं होती, ती कुठून यायची, काय बोलायची.

बोलण्याचं कळणं शक्य नव्हतं. पण माणसांची संख्या कळली होती. एकसष्ट हिवाळ्यांत मिळून अकरा हात या जागेवर बसले होते. डॉक्टरांनी त्यांना क्रमांक दिले होते. त्यांतला तीन नंबरचा हात इतरांहून फार वेगळा होता.

"हा बघा," असं म्हणून डॉक्टरांनी एक पातं त्यांच्या तळहातावर ठेवलं. मधाच्या रंगाचं, कडेनं आरपार दिसणारं. ज्या दगडातून पाती काढायची तो गाभा. त्याचा माथा, म्हणजे घाव घालायची वरची बाजू, तीन नंबर एकाच घावात उघडत असे. बाकीचे चार-पाच घाव घेत. आणि त्या पहिल्या घावाची खूण प्रत्येक पात्याच्या टोकाला राहत असे, छोट्याशा चंद्रकोरीसारखी.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. घाववाचक तयार झाल्यावर त्यांनी इतर उत्खननांतली, कपाटांत पडून असलेली पातीही तपासली. तीन नंबरची पाती नऊ ठिकाणी मिळाली. नर्मदेच्या काठी, भीमेच्या खोऱ्यात, एक तर समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर. त्यांतल्या एकाचीही धार वापरलेली नव्हती. कुणी त्यानं मांस कापलं नव्हतं की लाकूड तासलं नव्हतं. बहुतेक ठिकाणी पात्याबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी होते. तेव्हा शहामृग आपल्याकडं होते.

यल्लप्पांनी विचारलं, की वापरायचं नव्हतं तर एवढ्या लांब नेलं कशाला.

डॉक्टरांचा अंदाज असा होता, की ती खूण होती. ज्या टोळीकडं हे पातं असेल तिला दुष्काळात या ओढ्यावर यायची मुभा. बदल्यात मणी देणाऱ्यांच्या मुलखात यांना थारा. ना लिपी, ना राजा, ना शिक्का. चारशे कोसांच्या मुलखात एकमेकांना क्वचितच भेटणारी माणसं एका हाताच्या घावावर विश्वास ठेवून होती. तो घाव दुसऱ्या कुणाला जमत नव्हता, म्हणून खोटं पातं करता येत नव्हतं.

यल्लप्पांनी पातं उजेडाकडं धरून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे ह्याच्या हातावर सगळ्यांचं पाणी."

दुसऱ्या दिवशी त्यांना हातमोजा घालून पाहायला मिळाला. यंत्रानं वाचलेला घाव या मोज्यातून परत हातात उतरवता येत असे. बारीक विजेचे झटके स्नायूंना मिळत आणि घालणाऱ्याचा हात त्या जुन्या माणसाच्या हातासारखा हले. डॉक्टरांनी चौदाव्या हिवाळ्यातला तीन नंबरचा घाव लावला, म्हणजे त्याच्या ऐन उमेदीतला. यल्लप्पांच्या समोर गाभ्याचा प्लॅस्टिकचा ठसा ठेवला होता.

गिरिजा बाजूला उभी होती. तिनं पाहिलं, की मोजा चालू झाला तसा मामांचा हात उचलला गेला आणि थरथर थांबली. हात हवेत स्थिर होता. किंचित मागे गेला, मनगट आत वळलं, आणि एखादं फूल ठेवावं इतक्या हलकेपणानं घाव पडला. सगळा मिळून एक सेकंदाचा खेळ. हात खाली आला आणि परत थरथरू लागला.

यल्लप्पा डोळे मिटून बसले. थोड्या वेळानं त्यांनी आणखी एकदा लावायला सांगितलं. त्या सकाळी डॉक्टरांनी तो घाव नऊ वेळा लावला. तंबूतलं कुणीच आपापल्या कामाला लागलं नाही. एकवीस हजार वर्षांपूर्वी मेलेला माणूस एका म्हाताऱ्या पाथरवटाच्या हातात येऊन एकेक क्षण थांबून जात होता, आणि ते सगळे उभ्याने बघत होते.

घरी जाताना बसमध्ये यल्लप्पा गिरिजाला एवढंच म्हणाले, की तो जोर लावत नाही, दगडाला विचारतो.

डॉक्टरांना पंधरा दिवसांनी पुण्यातल्या परिषदेत शोध मांडायचा होता. त्यातला मुख्य भाग वरच्या थरांचा होता. चाळिसाव्या हिवाळ्यापासून चित्र बदलत होतं. गाभा तीन नंबर उघडी, पण पुढची पाती सात नंबरचा हात काढी. हा सात नंबर डावखुरा होता. आधीच्या थरांत तोच हात धडपडत शिकताना दिसे, मग चांगला होत गेला होता. डॉक्टरांचा निष्कर्ष होता की इथं कामाची वाटणी सुरू झाली. कुशल कारागिरानं फक्त सुरुवात करायची, बाकी मजुरानं. मागणी वाढली असणार. जगातला हा पहिला कारखाना म्हणता येईल, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आनंद होता.

गिरिजाला ते पटलं नाही. का ते तिला लगेच सांगता आलं नसतं. छावणीत आता ती नोंदींच्या कामात मदत करू लागली होती. पडद्यासमोर बसून ती वरच्या थरांतले गाभे एकेक करून फिरवून पाहू लागली. सात नंबरचे काही घाव पाती काढण्यासाठी नव्हतेच. ते माथ्याच्या कडेशी होते, लहान आणि नेमके. जिथं काही बिघडलंय तिथं कड आत घ्यावी, शेजारी तसाच उतार द्यावा, तसे.

तिनं विद्यार्थ्यांना विचारलं, की यंत्र ज्या नोंदी नाकारतं त्या जातात कुठं. त्या वेगळ्या साठवलेल्या होत्या. एकाच जागी दोन-तीन ठेचांच्या खुणा असल्या की यंत्र त्याला दगडाचा दोष समजून बाजूला काढत असे. तिनं त्या परत चित्रावर आणायला सांगितल्या.

चाळिसाव्या हिवाळ्यापासून माथ्याच्या कडेवर ठेचांचे ठिपके उमटले. जिथं एक घाव बसायचा तिथं दोन, मग चार. पन्नासाव्या हिवाळ्यात सात. नेम चुकलेल्या, पण कोन आणि जोर तीन नंबरचाच असलेल्या घावांचे. त्या प्रत्येक पुंजक्यावरून सात नंबरचा हात नंतर फिरलेला होता. ठेचा काढून टाकलेल्या होत्या आणि पात्याच्या टोकाची चंद्रकोर अशी सावरलेली होती, की दुसऱ्या कुणाला संशय येऊ नये.

गिरिजा तिथंच बसून राहिली. हे कुणीतरी करत होतं. कुणी पाहत नसताना, बहुधा तो उठून गेल्यावर.

पुढचे दोन दिवस ती गप्प होती. डॉक्टरांना सांगायचं तर त्या विचारणारच, तुला कसं कळलं. न सांगावं तर तीन नंबरच्या म्हातारपणाचा कारखाना होणार आणि सात नंबरचा मजूर. त्यातच डॉक्टरांनी यल्लप्पांची गेल्या काही वर्षांतली कामं यंत्राखाली घालायला मागितली, वयाबरोबर हात कसा बदलतो ते बघायला. गिरिजानं घरून दगड आणले ते सगळे चार वर्षांपूर्वीचे. यल्लप्पांनी ते पाहिले आणि स्वतःच डॉक्टरांच्या पुढं सरकवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठरवलं. मामा बाहेर उन्हात बसले होते. ती डॉक्टरांच्या तंबूत गेली आणि पडद्यावर ठिपके दाखवून तिनं सगळं सांगितलं. हा कारखाना नाही मॅडम. त्याचा हात गेला होता. सात नंबर त्याचं काम झाकून घेत होता. त्या पात्यावर लांबची माणसं विसंबून होती, आणि त्याचं स्वतःचंही सगळं त्यातच होतं.

डॉक्टर खुर्चीतून उठल्या आणि पडद्याजवळ गेल्या. एकेक ठिपका त्यांनी मोठा करून पाहिला. त्यांचा चेहरा उतरत गेला. मग हळूहळू त्यावर दुसरंच काही आलं. अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "गिरिजा, हे तुझ्या कसं लक्षात आलं?"

गिरिजाच्या मागे कनात हलली. यल्लप्पा आत येऊन उभे होते. कधीपासून, ते तिला कळलं नाही.

त्यांनी मोजा मागितला. पन्नासाव्या हिवाळ्यातला तीन नंबर लावा म्हणाले, यंत्रानं टाकून दिलेल्या घावांसकट. डॉक्टरांनी लावला. या वेळी हात स्थिर झाला नाही. थरथरतच वर गेला आणि थरथरत खाली आला, पुन्हा गेला, पुन्हा चुकला. यल्लप्पा आपल्या हाताकडं टक लावून बघत होते. ते म्हणाले, की ह्यातलं त्याचं कुठलं आणि माझं कुठलं, मला कळंना.

मोजा काढून त्यांनी त्याच हिवाळ्यातल्या गाभ्याचा ठसा उचलला. डाव्या हातात धरून पाहिला. मग उजव्या हातात घेतला, मग परत डाव्या. अंगठा माथ्यावरून फिरवला. आधीच्या, उमेदीच्या वर्षांतला एक ठसा मागून घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"मॅडम, ह्याला ठाव होतं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, काय माहीत होतं.

उजव्या हातानं काम करणारा माणूस गाभा डाव्या हातात धरतो, त्यांनी समजावलं. माथ्याचा उतार मग तो एका बाजूला ठेवतो, घाव सरळ बसावा म्हणून. आधीचा गाभा तसा होता. नंतरच्याचा उतार उलटा होता. असा माथा उघडायला उजव्या हाताला त्रास पडतो. तरी त्यानं तो तसाच उघडला होता, कारण पुढं बसणाऱ्याचा हात डावा होता.

"ती मागनं येऊन नीट करती, हे त्याला पैल्या दिवसापास्नं कळलं असंल," यल्लप्पा म्हणाले. त्यांची नजर ठशावरच होती. "कसं कळणार न्हाई? दगड आपला असतो. पण बोलला असता तर ती थांबली असती. म्हणून त्यानं नुसता दगड तिच्या बाजूला फिरवला."

डॉक्टर म्हणाल्या, की सात नंबर बाई की पुरुष ते यंत्राला सांगता येत नाही, तुम्ही 'ती' म्हणालात.

"मला तसं वाटलं," यल्लप्पा म्हणाले आणि ठसा टेबलावर ठेवून बाहेर गेले.

गिरिजा उभी होती तिथंच उभी राहिली. गेल्या वर्षी कधीतरी मामांनी अंगणातला घडवायचा ओंडका, म्हणजे दगड ठेवायचा लाकडी ठोकळा, ओढून भिंतीच्या दुसऱ्या बाजूला नेला होता. ऊन लागतं म्हणाले होते. त्या बाजूला बसलं की डाव्या हाताला मोकळी जागा मिळत होती. तिला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं. तिनं पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर सोवनींनी तिच्याकडं पाहिलं आणि मग पडद्याकडं वळून त्या उगाच नोंदी चाळत राहिल्या.

दुपारपर्यंत यंत्रानं वरच्या थरांतले सगळे गाभे मोजले. त्रेचाळीसपैकी अडतीस गाभ्यांचा उतार डावीकडचा होता. आणि उतार बदलण्याची सुरुवात सात नंबरच्या पहिल्या दुरुस्तीनंतर एकाच हिवाळ्यात झाली होती. अठरा वर्षं ती दोन माणसं शेजारी बसली होती. ती आपसात काय बोलली ते कुणालाच कधी कळणार नाही. पण जे बोलली नाहीत ते दगडात राहिलं होतं, आणि त्यांच्यानंतर हजार पिढ्यांनी ते वाचता आलं होतं. आपण या माणसांना रानटी कसं म्हणत आलो, असं एक विद्यार्थी स्वतःशीच पुटपुटला.

त्या दिवशी बसमध्ये सासरा-सून दोघंही खिडकीतून बाहेर बघत होते. घरी आल्यावर यल्लप्पांनी कपाटातून आपल्या टाक्यांची थैली काढली. त्यात एक टाकी नवी होती, दांडा आखूड, बायकांच्या मुठीला बसेल असा. ती त्यांनी गिरिजासमोर ठेवली आणि दुपारी मला झोप येत नाही असं म्हणाले. तीन वर्षांत एकदाही आली न्हाई. नुसता पडून ऐकत होतो. तुझा तिसरा ठोका जड पडतो, तेवढा संभाळ.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत कामाला बसू लागली. कोळशानं रेघ यल्लप्पा मारत, तीही वाकडी येऊ लागली तेव्हा नुसतं बोटानं दाखवत. पहिल्यांदा काही लोकांनी नाकं मुरडली. पाटा घेऊन आलेली एक बाई तर तो परत घेऊन गेली. यल्लप्पांनी तिला थांबवलं नाही. तिनं मागं नेलेला वरवंटा कुणी घडवला होता, तेवढं मात्र सांगितलं. ती उन्हाळ्यात परत आली.

पुण्याच्या परिषदेत डॉ. सोवनींनी कारखान्याचा उल्लेखही केला नाही. पहिल्या अर्ध्या भागात त्यांनी आपली चूक सांगितली, यंत्रानं काय टाकून दिलं होतं आणि आपण ते का पाहिलं नाही. शोधनिबंधाच्या खाली तीन नावं होती, आणि त्यांतलं एक गिरिजा अलकुंटे.

डिसेंबरात छावणी पुन्हा लागली. या वेळी गिरिजा नोंदणीच्या कामावर पगारी होती. यल्लप्पांचा हात आता पेलासुद्धा धरत नव्हता, पण त्यांनी येण्याचा हट्ट धरला. त्यांच्यासाठी खड्ड्याच्या कडेला, बाभळीच्या सावलीत, खुर्ची ठेवत.

तीन नंबरच्या घावाची शेवटची खूण अठ्ठावन्नाव्या हिवाळ्यात होती. त्याच थराच्या कडेला, घडवायच्या जागेपासून पंधरा पावलांवर, एक चपटा धोंडा निघाला. तो उचलल्यावर खाली ओंजळीएवढा खळगा होता. आत एक गाभा होता आणि त्याच्याभोवती गोल मांडलेले मणी. मोजले तेव्हा दोनशे चौदा भरले. ते एका ठिकाणचे नव्हते. कवचांच्या तपासणीत पुढं निघालं, की ते निदान सहा वेगवेगळ्या मुलखांतून आले होते. म्हणजे तीन नंबर गेल्यावर ती माणसं आली होती, किंवा त्यांनी मणी पाठवले होते.

गाभ्याचा दगड साऱ्या जागेत सापडलेल्या दगडांत सर्वांत सुंदर होता. माथा उघडलेला. घाव वेडेवाकडे, पुष्कळ, पण उघडलेला. उतार डावीकडं. कडेवरच्या ठेचा तशाच होत्या. त्यांवरून कुणी हात फिरवला नव्हता. त्यातून एकही पातं काढलेलं नव्हतं.

घाववाचकानं हिशेब केला. या गाभ्यातून बावीस पाती निघाली असती. पुढचा घाव कुठं पडायला हवा ती जागाही त्यानं पडद्यावर हिरव्या ठिपक्यानं दाखवली. डॉक्टरांनी गिरिजाला विचारलं, ठसा करून देते, सात नंबरचा मोजा घालून तो घाव घालून बघायचाय का. तिच्यासारखा डावा हात आपल्याकडं तुझाच आहे.

गिरिजानं हात धुतले आणि मूळचा गाभा उचलला. तो तळहातावर अगदी बसला. पडद्याकडं न पाहताच तिला ती जागा दिसत होती. मनगटात ओढ उठली. किती सोपं होतं. समोरच्या माणसानं सगळी अवघड बाजू आपल्याकडं घेऊन उरलेलं तिच्या हाताशी आणून ठेवलं होतं. तेव्हाही कुणीतरी हा असाच हातात धरून उभं राहिलं असेल, ओढ्याचं पाणी वाजत असेल, आणि नऊ मुलखांतली माणसं पात्यांची वाट पाहत असतील.

तिनं तो नेऊन यल्लप्पांच्या मांडीवर ठेवला. त्यांच्या बोटांनी माथ्यावरच्या ठेचा एकेक करून चाचपल्या. त्याला बराच वेळ लागला.

"हिनं झाकलं न्हाई ह्या वेळी," ते म्हणाले.

गिरिजा म्हणाली, "नाही मामा. सगळ्यांना बघू दिलं."

यल्लप्पांनी गाभा तिच्या हातात परत दिला आणि डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले.

मोज्याला तिनं नको म्हटलं. डॉक्टरांनीही आग्रह केला नाही. नोंदणीचा तक्ता भरायचा राहिला होता. थर, खोली, दगडाची जात, वजन, हात क्रमांक तीन. शेवटचा रकाना अवस्थेचा होता. तिथं यंत्रानं आपणहून 'अपूर्ण' भरलं होतं. गिरिजानं ते पुसलं, 'पूर्ण' लिहिलं आणि तक्ता सहीसाठी डॉक्टरांच्या पुढं ठेवला. डॉक्टर सोवनींनी तो वाचला आणि खाली सही केली.